जुन्या युनिकॉर्नवर डीलरची एक वर्षाची वॉरंटी: ५,९०० रुपये घालावेत का?

मल्हारपेठकर

नमस्कार मंडळी. गाडी जवळजवळ ठरली आहे, घोडं अडलंय ते वॉरंटीवर.

मी कृषी खात्यात, पाटण तालुक्यात. (कृषी सहायकाचा आता सहायक कृषी अधिकारी झालाय. फिरायला गाडी आणि पेट्रोल मात्र पूर्वीसारखंच आपलं आपलं.) रोजची फिरती मल्हारपेठ, मोरगिरी, अधूनमधून हेळवाकपर्यंत. रस्ता चढउताराचा, पावसाळ्यात निम्मा चिखलाचा. जुनी शंभर सीसीची गाडी मागं कुणी बसलं की चढाला दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, म्हणून १५०-१६० सीसीमध्ये बघत होतो.

कराडला एका सेकंडहँडवाल्याकडं होंडा युनिकॉर्न मिळाली. २०२१ चं मॉडेल, बीएस-सिक्स, एमएच-५० पासिंग, पहिलाच मालक, मीटरवर ४१ हजार. ७६ हजार सांगत होता, ७१ वर आलाय. ७१ वर आल्याबरोबर त्यानं टेबलाच्या खणातून एक रंगीत कार्ड काढलं: ‘एक्स्टेंडेड वॉरंटी, १ वर्ष किंवा १०,००० किमी, इंजिन व गिअरबॉक्स’. पाच हजार अधिक जीएसटी, म्हणजे ५,९००. म्हणतो, “साहेब, उद्या इंजिन फुटलं तरी तुमच्या खिशातनं रुपया जाणार नाही.”

घरात तीन मतं आहेत. वडील म्हणतात ७१ मध्येच ते कार्ड देऊ दे, नाहीतर उठून ये. मेहुणा म्हणतो जीएसटी कमी झालाय, नवीनच घे. बायकोचं म्हणणं, पाच-सहा हजारांनी काय होतंय, रात्री-अपरात्री डोंगरात बंद पडण्यापेक्षा घेऊन टाका. मला तिचंच पटतंय, पण पैसे द्यायच्या आधी इथे विचारावं म्हटलं. जुन्या गाडीवर अशी वॉरंटी कुणी घेतली आहे का? आणि ती वसूल झाली का?

टायरवाला_सातारा

नका घेऊ. ४१ हजारांची गाडी म्हणजे मागचा टायर, चेन-स्प्रॉकेट आणि बॅटरी हे तिन्ही आज ना उद्या आलंच. ५,९०० त्यात घाला. कार्ड घेतलंत तरी हे तिन्ही तुमच्याच खिशातून आहे. बायकोला सांगा, वॉरंटी कार्ड असलं म्हणून गाडी बंद पडायची राहत नाही.

जॉबकार्ड

दुचाकीच्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला मी बरीच वर्षं वॉरंटीचं टेबल सांभाळलंय. कंपनीचं आणि शोरूमचं नाव घेत नाही. क्लेम भरणं, तुटलेल्या पार्टला टॅग बांधून ठेवणं आणि क्लेम नामंजूर झाला की गिऱ्हाइकाच्या शिव्या खाणं, ही तिन्ही कामं माझ्याकडं होती. त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो.

आधी त्या कार्डावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय आहे ते इथे टाका. पुढच्या बाजूला जे असतं ते विकण्यासाठी असतं.

मल्हारपेठकर

दादा, आज परत जाऊन फोटो काढून आणला. दुकानदाराला ते फारसं आवडलं नाही. महत्त्वाचं तेवढं टाइप करतो.

पहिले ३० दिवस क्लेम नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सचे ‘आतील वंगणयुक्त भाग’ धरलेले. क्लच प्लेट, ऑइल सील, गॅस्केट, केबल, रबरी भाग, सर्व इलेक्ट्रिकल व इलेक्ट्रॉनिक भाग वगळलेले. मजुरी ग्राहकाची. प्रत्येक क्लेममध्ये पहिले १,००० रुपये ग्राहकाचे. वर्षभरात जास्तीत जास्त १२,०००. दर २,५०० किलोमीटरला त्यांनी ठरवून दिलेल्या कराडच्याच गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग, पावतीसह. पाणी शिरून झालेलं नुकसान नाही. वगळलेल्या भागामुळं दुसऱ्या भागाचं झालेलं नुकसान नाही.

कार्ड देणाऱ्याचं नाव दुकानाचं नाही, भलत्याच एका फर्मचं आहे. पत्ता दिलेला नाही, फक्त मोबाइल नंबर आहे.

जॉबकार्ड

झालं. आता हिशोब करू.

युनिकॉर्नचं बीएस-सिक्स इंजिन १६२.७ सीसीचं, एकच सिलिंडर, हवेवर थंड होणारं, फारसं ताणून न बांधलेलं. वेळच्या वेळी ऑइल बदललं असेल तर असलं इंजिन ४१ ते ५१ हजारांच्या दरम्यान आपणहून फुटत नाही. ऑइल बदललं नसेल तर फुटेल, पण मग तुमचा क्लेमही बसणार नाही. सर्व्हिसच्या पावत्या नाहीत असं म्हणून पहिल्याच फोनला हात वर करतील.

तरी समजा, फुटलं. गॅरेजवाले ज्याला हाफ इंजिन म्हणतात ते काम निघालं: ब्लॉक, पिस्टन, रिंगा, हेडचे व्हॉल्व्ह. गावातल्या चांगल्या गॅरेजला ढोबळ ७,००० धरा. त्यात अडीच हजार मजुरी, ती तुमची. उरले ४,५००. त्यातलं ऑइल, गॅस्केट, सील वगळलेलं, ते हजारभर. उरले ३,५००. पहिले हजार तुमचे. म्हणजे तुमच्या हातात अडीच हजार पडले, आणि दिलेत ५,९००.

आता क्रँकसकट फुल इंजिन उतरवलं, समजा १५,०००. मजुरी साडेचार, सील-गॅस्केट-ऑइल दीड, पहिले हजार. तुम्हाला मिळाले आठ हजार. म्हणजे वर्षाच्या आत अख्खं इंजिन गेलं, ते ३० दिवस उलटल्यावर गेलं, १०,००० किलोमीटरच्या आत गेलं, कराडला सगळ्या सर्व्हिसिंग केल्या असल्या आणि ती फर्म तोवर फोन उचलत असली, तर तुमचा फायदा २,१०० रुपये. त्यातून मोरगिरीहून कराडला टेम्पोनं गाडी नेण्याचं भाडं वजा करा.

पण माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. चार-पाच वर्षांची फ्युएल इंजेक्शनची गाडी रस्त्यात बंद पडते ती इंजिनामुळं क्वचित. ती बंद पडते फ्युएल पंपामुळं, वीज तयार करणाऱ्या मॅग्नेट कॉइलमुळं, बॅटरीचं चार्जिंग आवरणाऱ्या आरआर युनिटमुळं, एखाद्या सेन्सरच्या सैल कपलरमुळं, स्टँडच्या स्विचमुळं. आमच्या टेबलावर टॅग बांधून ठेवलेल्या पार्टांची रॅक होती. त्यात पिस्टन-क्रँकचा खण बहुतेक वेळा रिकामा, आणि वायरवाल्या पार्टांचा खण भरून वाहायचा. तुमच्या कार्डानं नेमका तो खण वगळलाय. जे सहसा मोडत नाही त्याची हमी देतात, मोडतं ते बाजूला काढतात. वाईट माणसं आहेत म्हणून नाही, धंदा असाच चालतो.

शेवटची जी अट तुम्ही लिहिलीत, ‘वगळलेल्या भागामुळं झालेलं नुकसान’, तिच्याकडं नीट बघा. आमच्याकडं एक दूधवाला यायचा. दोन्ही बाजूंना कॅन, पहाटे चारला निघायचा. त्याच्या गाडीचं एक साधं ऑइल सील झिरपत होतं. किंमत शंभर-दीडशेच्या घरात. रोज थेंब थेंब गळून इंजिनात ऑइल राहिलं नाही आणि पिस्टन जाम झाला. सील झिजेचा पार्ट, म्हणून वॉरंटीत नाही. पिस्टन वॉरंटीत आहे, पण तो सीलमुळं गेला, म्हणून तोही नाही. क्लेम मीच भरला होता. ‘ऑइल पातळी न तपासल्यामुळे’ असा शेरा येऊन परत आला. वर इंजिन खोलण्याची मजुरी त्यालाच भरावी लागली, कारण खोलल्याशिवाय कारण कळत नाही आणि क्लेम बसला नाही की खोलायचे पैसे गिऱ्हाइकाचे. हा नियम कुणी विकताना सांगत नाही.

पाण्याचंही तेच. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तुमच्या फिरतीत ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालावी लागणार, आणि पाणी शिरलं की यांची जबाबदारी संपली.

म्हणून माझं मत: हे कार्ड घेऊ नका. मात्र ‘जुन्या गाडीला वॉरंटी कधीच घेऊ नये’ असं मी म्हणणार नाही. देणारा कोण, यावर सगळं आहे. गाडी बनवणाऱ्या कंपनीची असेल तर माझं उत्तर वेगळं.

सांगली_जुनी_गाडी

मी स्वतः सेकंडहँड दुचाक्यांचा धंदा करतो, म्हणून थोडं आमच्या बाजूनंही. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

एकशेसाठ सीसीच्या गाडीत आम्हाला सुटतं किती? गाडी घ्यायची, घासूनपुसून उभी करायची, आरटीओची कामं, जागेचं भाडं, आता मार्जिनवर १८ टक्के जीएसटी. त्यामुळं दुकानाबाहेरची वॉरंटी कार्डं बरेच जण ठेवतात. एक कार्ड खपलं की ठरलेलं कमिशन मिळतं, आणि क्लेमच्या वेळी भांडण त्या फर्मशी. खरं ते सांगितलं. मी ती कार्डं ठेवणं बंद केलं, कारण गिऱ्हाईक शिव्या द्यायला माझ्याच दुकानात येतं.

मल्हारपेठकर, तुम्ही असं करा. त्याला म्हणा, कार्ड नको, तुझ्या लेटरहेडवर तीन महिने लिहून दे. इंजिन आणि वायरिंग दोन्ही, मजुरीसकट. गाडीवर त्याचा स्वतःचा विश्वास असेल तर देईल. ‘तीन नको, एक महिना देतो’ म्हणाला तरी घ्या. जी गाडी बिघडायची असते ती महिना-दीड महिन्यात दाखवते, आणि तेवढ्यात गाडी पॉलिश मारून लपवली होती का तेही कळतं. एक महिनाही देत नसेल तर वडील म्हणतात तसं करा, उठून या.

बिलाशिवाय पैसे देऊ नका. नोटरीच्या कागदावर ‘जशी आहे तशी’ लिहून घेतात, त्यावर सही करायच्या आधी वाचा. ‘जशी आहे तशी’ लिहून दिलंत तर पुढं कसली वॉरंटी मागणार?

जॉबकार्ड

सांगलीवाल्यांशी पूर्ण सहमत. असा लेखी एक महिना त्या रंगीत वर्षापेक्षा जास्त कामाचा, कारण त्यात देणारा समोर बसलेला आहे. त्याचं दुकान कराडात आहे. उद्या त्यानं शब्द फिरवला तर बिल आणि लेटरहेड घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा. पुष्कळदा तेवढ्यानंच दुकानदार नमतो. मोबाइल नंबरवाल्या फर्मला मात्र नोटीस पाठवायची तर कुठल्या पत्त्यावर?

मल्हारपेठकर

मंडळी, मनापासून आभार. बायकोला तुमचा हिशोब वाचून दाखवला. ती म्हणते, “२,१०० साठी एवढं सगळं?” कार्डाचा विषय संपला.

जॉबकार्ड दादा, तुम्ही कंपनीच्या वॉरंटीचं म्हणालात. ती तर नव्या गाडीलाच असते ना? आणि मेहुण्याचं ‘नवीनच घे’ याबद्दल तुमचं काय मत?

जॉबकार्ड

नव्या गाडीलाच, असं बहुतेकांना वाटतं. म्हणूनच डीलरचं कार्ड खपतं.

होंडाची त्या काळातली पद्धत तीन वर्षं मूळ वॉरंटी आणि पैसे भरून पुढची तीन, अशी होती. तुमची गाडी २०२१ ची, म्हणजे मूळ वॉरंटी २०२४ मध्ये संपली. पहिल्या मालकानं घेतानाच पुढची तीन वर्षं घेतली असतील तर २०२७ पर्यंत चालू असू शकते. किलोमीटरची मर्यादा असते, ती पुस्तिकेत बघा. पुष्कळांना आपण घेतली होती हेही आठवत नाही, शोरूमच्या ऑन-रोड हिशोबात ती घातलेली असते. डीलरला नाही माहीत, पहिल्या मालकाला विचारा.

दुसरं, २०२३ मध्ये होंडानं ‘एक्स्टेंडेड वॉरंटी प्लस’ काढली. २५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना, दहाव्या वर्षापर्यंत नेता येणारी. गाडी घेतल्यापासून ९१ व्या दिवसापासून नवव्या वर्षापर्यंत कधीही घेता येते, आणि मालक बदलला तरी गाडीबरोबर पुढं जाते. इंजिनाच्या महागड्या पार्टांबरोबर इतर मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल पार्टही त्यात धरलेले. जाहीर केली तेव्हा दर १५० सीसीपर्यंत १,३१७ रुपयांपासून आणि १५० ते २५० सीसीला १,६६७ रुपयांपासून होते. आजचा दर आणि आजच्या अटी कराडच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. गाडीच्या वयाप्रमाणं पैसे वाढतात. पण दुप्पट-तिप्पट झाले तरी ५,९०० च्या कार्डाशी तुलना करून बघा: कंपनीच्या वॉरंटीत वायरवाला खण आहे, कार्डात नाही.

ही घ्यायला मी सांगेन, एका अटीवर: पुढच्या सर्व्हिसिंग अधिकृत सेंटरलाच आणि वेळेत करणार असाल तर. गावातल्या गॅरेजला दोनशे-तीनशे वाचवायला जाणार असाल तर ही वॉरंटीही घेऊ नका, फुकट जाईल. आणि हो, फॉग लाइट, मोठा हॉर्न, मोबाइल चार्जर असं काही वायर कापून बसवू नका. वायर कापलेली दिसली की टेबलावरचा माणूस पहिला शेरा तोच मारतो. मीही तोच मारायचो.

दुसरी कुठली कंपनी असती तर तिच्या सेंटरला हेच प्रश्न विचारायचे: वॉरंटी शिल्लक आहे का, दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का, आता विकत मिळते का.

मेहुण्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीनंही खाली यायला हवं, पण सेकंडहँडवाले जुन्याच भावावर अडून बसतात. पैसे असतील तर नवी घ्या, त्यात वाद नाही. नसतील तर हा मुद्दा ७१ चे ६८-६९ करायला वापरा. कर्ज काढून नवी घेण्यात अर्थ नाही, असं आपलं माझं मत. तुमच्या रस्त्यावर दोन पावसाळ्यांत ती जुनीच दिसणार आहे.

आता गाडी बघायला जाल तेव्हाचं. न कळवता सकाळी दुकान उघडताना जा. पोचल्या पोचल्या सायलेन्सरच्या मुळाशी, इंजिनाजवळ हात न्या. गरम असेल तर त्यानं आधीच चालू करून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी या. गार असेल तर किल्ली फिरवा, पण लगेच सेल्फ मारू नका. मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. विझला नाही तर दोष आहे हे कुणालाही कळतं. लागलाच नाही तर जास्त गडबड आहे, कुणीतरी दिव्यालाच हात घातलाय. एबीएसचा दिवाही तसाच बघा, तो गाडी थोडी पुढं गेल्यावर विझतो. एबीएसचं युनिट गेलं तर तो एकच पार्ट बराच महागात पडतो.

मग मेन स्टँडवर लावा, कुणाला तरी मागं दाबायला सांगून पुढचं चाक उचला आणि हँडल हळू डावी-उजवीकडं फिरवा. मध्यावर ‘टक्’ करून अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मुळाशी असलेलं बेअरिंग, गेलाय. डोंगरातल्या गाडीचा जातोच. पुढच्या शॉकअपवर, नळीला बोट फिरवा, तेलकट लागलं तर सील. पुढच्या डिस्कच्या कडेला नख लावा, धार आली असेल तर बदलायला झाली. यातलं काही निघालं म्हणून गाडी सोडायची नाही, भाव पाडायचा.

मीटरवरचे ४१ हजार खरे की खोटे, ते चेसिस नंबर देऊन अधिकृत सेंटरला विचारा. प्रत्येक सर्व्हिसला किती किलोमीटर होते ते त्यांच्याकडं नोंदलेलं असतं. मालकाची परवानगी मागतील, ती डीलरकडून मिळवा. तो टाळाटाळ करायला लागला तर तुमचं उत्तर तिथंच मिळालं.

पॉलिसीताई

विम्याचं कुणी बोललं नाही म्हणून मध्ये येते. मी विमा क्षेत्रात आहे.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. म्हणजे २०२१ च्या या गाडीचा थर्ड पार्टी २०२६ पर्यंत, नेमका महिना पॉलिसीवर बघा. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेकांचा एका वर्षाचाच असतो आणि तो मधेच बंद पडलेला असतो. डीलर ‘इन्शुरन्स चालू आहे’ म्हणतो तेव्हा कुठला, ते विचारा. आरसी नावावर झाली की पॉलिसीही नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळं तेवढा फरक भरावा लागेल.

साधा विमा यांत्रिक बिघाड देत नाही, झिरो डेप (घसारा न कापणारं जोडकलम) घेतलं तरी नाही. मात्र पाणी शिरून इंजिन गेलं तर त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं वेगळं जोडकलम मिळतं. तुमच्या भागातल्या पावसाला वॉरंटीपेक्षा तेच कामाला येईल. दुचाकीला सगळ्याच कंपन्या देत नाहीत, विचारून घ्या. आणि पाण्यात बंद पडली तर परत परत सेल्फ मारू नका. मारल्याचं सर्व्हेअरला कळतं, आणि क्लेम तिथंच अडकतो.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या मूळ मालकाच्याच घ्या. कर्जाची गाडी असेल तर आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. आरसी तुमच्या नावावर आल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका, पाच-सात हजार हातात ठेवा.

मल्हारपेठकर

ताई, दादा, सांगलीवाले, सगळ्यांना आजचा रिपोर्ट.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. इंजिन गार होतं. दोन्ही दिवे बरोबर लागले आणि विझले. कोनसेटला मध्यावर बारीक अडकतंय, दादांनी लिहिलं होतं तसंच ‘टक्’. डावा शॉकअप थोडा ओला. डिस्क ठीक वाटली. मागचा टायर टायरवाले म्हणाले तसा बदलायला झालाय.

मूळ मालक उंडाळ्याचे एक निवृत्त शिक्षक निघाले. त्यांना फोन केला तर म्हणाले, सगळ्या सर्व्हिसिंग शोरूमलाच केल्यात, परवानगी देतो, खुशाल विचारा. सेंटरला विचारलं, शेवटची नोंद ३८,६०० किलोमीटरची आहे, म्हणजे मीटर खरं. जादा वॉरंटी त्यांनी घेतली नव्हती. सेंटरवाला म्हणाला, आरसी नावावर झाली की गाडी घेऊन या, तपासून सांगतो, दर त्या दिवशीचा.

डीलर ६८,५०० वर आला. एक महिना इंजिन आणि वायरिंग, मजुरीसकट, लेटरहेडवर द्यायला तयार झाला, पण तोंड वाकडं करून. ‘जशी आहे तशी’ ही ओळ खोडायला लावली. पाच हजार आरसीनंतर देणार असं त्याच कागदावर लिहून घेतलंय.

एकच राहिलं. सर्व्हिसिंग ३८,६०० ला झालीय आणि आता ४१ आहे. कंपनीची वॉरंटी घ्यायच्या आधी सर्व्हिसिंग करून घेऊ, की आधी वॉरंटी आणि मग सर्व्हिसिंग?

जॉबकार्ड

आधी सर्व्हिसिंग, आणि तिथंच. कोनसेट आणि शॉकअपचं सील त्याच जॉबकार्डवर (सर्व्हिसिंगला दिल्यावर सेंटर कामांची यादी लिहितं तो कागद) करून घ्या, बिल ठेवा. तपासणीला गाडी नेताना दोष शिल्लक असला तर ते ‘आधीपासूनचा’ म्हणून लिहून ठेवतात आणि पुढं त्या पार्टाला काही मिळत नाही. त्या दोन कामांचे पैसे डीलरकडं मागून बघा, पाच हजार अजून तुमच्याकडं आहेत.

बॅटरीवर महिना-वर्ष कोरलेलं असतं, ते बघून इथे टाका. २०२१ चीच असेल तर मी आरआर युनिटचं चार्जिंगही मोजून घ्यायला सांगेन. पाच मिनिटांचं काम आहे, बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे घेत नाहीत.

टायरवाला_सातारा

मागचा टायर घेताना वरच्या साइझचा घालू नका, दुकानदार आग्रह करेल. कंपनीनं दिलाय तोच साइझ. चिखलात चालवायची असेल तर नक्षी खोल असलेला मागा.